मागच्या सीटवर तिघं

"सरक जरा. अजून सरक. आता तू स्टोअरवाला आहेस असं समज."

जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर चंदेरी डिझेल गाडी उभी होती. तिच्या मागच्या सीटवर तोफनं फिटरला पार दारापर्यंत ढकललं आणि स्वतः मधोमध बसला. उरलेल्या जागेवर हात आपटून म्हणाला, "बघ! अजून एक माणूस बसतो. आणि काटेवाला म्हणजे काय, मुठीत मावेल!"

"मावेल रे. हळू बोल, शेठ बघतोय."

"बघू दे की! गाडी घ्यायला आलोय, चोरायला नाही!"

अड्ड्याचा मालक लांब खुर्चीवर बसून चहा पीत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. पलीकडच्या रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्यालाही जात होतं.

दोघं बाटल्यांच्या कारखान्यात कामाला. तोफ हे नाव तिथंच पडलेलं, आवाजावरून. तोफ भट्टीशेजारच्या मशीनवर. तिथं तापलेल्या काचेचा गोळा साच्यात पडतो, वरून हवेचा फटका बसतो आणि बाटली तयार होते. दिवसभर हेच. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालून बोंबलावं लागतं. कानात घालायचे बोळे कंपनीकडे होते. पाहणीला कुणी येणार असलं की वाटायचे, पाहुणे गेले की परत डब्यात. माणसं बहिरी झाली तरी बाटल्यांना तडा जात नाही, मग कंपनीला काय पडलंय?

आता तोच कारखाना कंपनीनं उचलून हायवेच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. जमीन स्वस्त मिळाली म्हणे. काही महिने बस दिली, मग बस बंद होणार अशी नोटीस चिकटवली. ज्यानं सही केली तो साहेब स्वतः कंपनीच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं झोपून जातो.

बसच्या शेवटच्या सीटवर चौघं बसायचे. तोफ, फिटर, स्टोअरवाला आणि वजनकाट्यावरचा तो काटेवाला. जाताना साहेबांना शिव्या, येताना जे राहिले असतील त्यांना. तोफची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन परमुलखात. घरी कुलूप स्वतःच लावायचं, स्वतःच उघडायचं. दिवसात कुणाशी बोलणं व्हायचं ते त्या सीटवर. नोटीस लागली त्याच दिवशी त्यानं जाहीर करून टाकलं, "गाडी मी घेतो. डिझेल वाटून घालू. आपली सीट मोडायची नाही!"

"बघू," स्टोअरवाला म्हणाला.

"बघू की," काटेवाला म्हणाला.

फिटर काहीच बोलला नाही. तोफनं तिघांचा होकार धरला.

"उतर आता," फिटर म्हणाला. "ती करडी बघू."

करडी गाडी कडेला उभी होती. दिसायला वडीलधारी. मीटर दोन लाखांच्या पुढं. ड्रायव्हरची सीट दबून खोलगट झालेली, स्टिअरिंगवरचं कातडं हातांनी गुळगुळीत झालेलं. आणि मागची सीट कोरी करकरीत. बेल्टच्या बकलांवरचा, गाडी नवी असतानाचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा तसाच.

"औषधं विकणाऱ्या माणसाची होती," शेठ जवळ येत म्हणाला. "हायवेवरच पळाली. बिचारा एकटाच हिंडायचा."

तोफ वाकून मागं बघत राहिला. मग झटक्यानं सरळ झाला. "नको ही!"

"अरे, बघितलीस कुठं अजून?" फिटरनं आधी करड्या बॉनेटवर तळहात ठेवला, मग चंदेरीवर. "शेठ, चंदेरी कोमट लागतेय. आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवली होतीत काय?"

"ऊन आहे दादा."

"ऊन दोघींवर आहे. थंड असताना लवकर सुरू होत नसेल ही."

शेठ हसला आणि दोन्ही किल्ल्या काढून दिल्या. करडी थंड होती तरी किल्ली फिरवताच सुरू झाली, थोडी खोकली, मग एका सुरात लागली. चंदेरीच्या मागून काळा धूर आला. फिटर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ही गावातल्या गावात भाजीबाजार करत फिरलीय. डिझेलचं इंजिन लांब पळायला असतं. असं थांबत थांबत चालवलं की आत काजळी धरते. रोजच्या हायवेला तुला रडवेल."

"मागं जागा ऐसपैस आहे!"

"मागची सीट कशाला धरून बसलायस? तुला बसायचंय ती बघ ना."

"मी काय एकटा जाणाराय?"

फिटरनं रुमाल घडी करून खिशात घातला. घडी दोनदा घातली.

दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. चंदेरीत शेठ मागं बसला. काचा वर होत्या. तोफ गाडी चालवताना मोठ्या साहेबाच्या सात पिढ्या काढत होता, जोशात आला होता. पहिल्याच सिग्नलला फिटरनं आपल्याकडची काच खाली केली. पुढच्या वळणावर शेठनंही केली. तोफला वाटलं, उकडतंय. त्यानंही केली.

परत आल्यावर तो म्हणाला, "हीच घ्यायची. पण आधी त्या दोघांना बसवून बघतो. शेठ, तासाभरात आणतो परत."

"आज नको," फिटर म्हणाला. "रविवार आहे. घरी असतील नसतील."

"रविवारी घरी नाही तर काय दिल्लीच्या तख्तावर असतील? बस लेका!"

"अरे ऐक माझं—"

पण तोफनं गिअर टाकला होता.

स्टोअरवाला गल्लीतल्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर राहायचा. तोफनं खालूनच हॉर्न दिला, मग हाक मारली. चार खिडक्या उघडल्या, त्यातली एक बरोबर होती. त्याची बायको, वहिनी, सज्जात आल्या, ओले हात पदराला पुसत.

"भाऊजी, वर या ना. चहा टाकते."

"चहा नको वहिनी! त्याला खाली पाठवा! मागच्या सीटवर बसवून बघायचंय! रोज जायचंय ना आता गाडीतून!"

वहिनींनी मागं वळून घरात बघितलं. मग खाली, तोफकडे. मग फिटरकडे, आणि त्याच्याकडे बघताना त्यांचा चेहरा बदलला.

"अहो, पण यांनी तर व्हॅन लावलीय. परवाच. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

"कसली व्हॅन?"

"ती पॅकिंगवाल्यांची. काटेवाले भाऊजी पण आहेत की तिच्यात. आणि हे..." त्यांनी फिटरकडे हात केला आणि अर्ध्यात खाली घेतला.

स्टोअरवाला तोवर बनियनवर खाली आला. "अरे, म्हणजे कसं, त्यांची वेळ जरा बरी पडते. आणि तुझ्यावर कशाला रोजचा भार..."

"भार? मी म्हणालो भार होतो म्हणून?"

"तसं नाही रे."

"मग कसं?" तोफ फिटरकडे वळला. "तूपण?"

फिटर गाडीच्या टपावर बोटांनी रेघा ओढत होता. "मी तुला करडी घे म्हणत होतो," तो म्हणाला.

"मी विचारतोय काय आणि तू सांगतोस काय! का लावली व्हॅन? मी काय वंगाळ चालवतो? दारू पितो? काय केलंय मी तुमचं?"

"ओरडतोस तू," फिटर म्हणाला.



"मी ओरडतो?"

समोरच्या घरातलं मूल रडायला लागलं. कुणीतरी खिडकी लावून घेतली. फिटरनं त्या खिडकीकडे बोट केलं, दुसरं काही बोलायची गरज नव्हती. तरी तो बोलला, कारण आता तोंड उघडलंच होतं. "बसमध्ये चालून जातं. इंजिनचा घरघराट असतो, जागा मोठी असते. बंद गाडीत, जाताना दोन तास, येताना दोन तास, कान फुटतात रे. आम्हीपण त्याच कारखान्यात आहोत. बाहेर पडल्यावर डोक्याला जरा शांतता लागते. तुला सांगणार कोण? सांगायला गेलं की तू अजून चढतोस."

 आपला आवाज किती आहे ते तोफला आतून कळत नव्हतं. बायको असताना कळायचं. लग्नकार्यात, दवाखान्यात, ती काही न बोलता त्याचं मनगट दाबायची आणि आवाज खाली यायचा. मनगट दाबणारं कुणी उरलं नव्हतं, आणि तीन वर्षं तो खाली आलेलाच नव्हता.

"बस," तो फिटरला म्हणाला. यावेळी इतक्या हळू की फिटरला ते पुन्हा विचारावं लागलं. "काय?"

तोफनं नुसता दरवाजा उघडून धरला. निघताना तोफनं आपली काच वर केली. फिटरनंही केली, आणि अड्ड्यापर्यंत कुणी ती खाली केली नाही.

शेठनं विचारलं, "मग दादा, चंदेरी पक्की?"

तोफनं करड्या गाडीकडे बोट दाखवलं. शेठ बोलत राहिला, कागदांचं, टायरांचं, बॅटरीचं. तोफ मान हलवत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं घासाघीस केली नाही. फिटरच मध्ये पडून शेठशी भांडला, नवी बॅटरी टाकून घेतली, जणू तेवढ्यानं फिटणार होतं. जाताना म्हणाला, "कानाच्या डॉक्टरला दाखव की एकदा. मी येतो बरोबर."

"बघू," तोफ म्हणाला.

बस बंद झाली त्या सोमवारी तो लवकर निघाला. करडी एकदम गुणी निघाली. दबलेल्या सीटनं त्याला असं सामावून घेतलं की त्याला रागच आला. शहर संपलं, मोकळा हायवे लागला. त्यानं सवयीनं मोठ्या साहेबाला एक शिवी दिली. पुढं काही सुचेना. शिवीला कुणी हसायचं असतं, कुणी तरी "आणि तो छोटा साहेब?" असं विचारायचं असतं.

टेकडीच्या चढावर पुढं पॅकिंगवाल्यांची व्हॅन दिसली. चढाला दमली होती. मागच्या काचेतून तीन डोकी दिसत होती. मधलं फिटरचं, टकलावरून ओळखू येत होतं. काटेवाल्याचं त्याच्या खांद्यावर कलंडलेलं. स्टोअरवाल्याचं काचेला टेकलेलं, प्रत्येक धक्क्याला आपटत होतं. तिघं गाढ झोपले होते. आत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

करडीच्या इंजिनात जोर भरपूर होता. पाय जरा दाबला असता तरी व्हॅन मागं पडली असती. समोरचा रस्ता रिकामा होता. व्हॅनच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून, जा पुढं, अशी खूण केली. थोडं थांबून पुन्हा केली, जरा चिडून.

तोफनं गिअर उतरवला आणि तेवढंच अंतर ठेवून मागं मागं जात राहिला.