बाजेवर ठरलेली देशाची दिशा

वासुदेवरावांची एक खोड मला कधीच पटली नाही. प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर मात्र वासुदेवरावच देणार. सुनेला विचारलं, भाजीत मीठ पडलं का, तरी सांगणार वासुदेवरावच. आणि वर गावभर सांगत फिरतात की त्या दिवशी चूक बाजेची होती! म्हणून मित्रांनो, आज मीच बोलते.

मी एक जुनी बाज आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात, वासुदेवरावांच्या ओसरीवर असते. रामाजी सुतारानं बाभळीचे माझे चार खूर तासले, ते अजून हललेले नाहीत. वर अंबाडीची दोरी विणली. हिंगणघाटचे पाहुणे हात फिरवून म्हणत, "बाज असावी तं अशी!" माझ्यावर या घरातली लेकरं निजली, उन्हाळ्यात कुरडया वाळल्या, या घरच्या लेकाची, हरिदासची, सोयरीकही माझ्यावरच बसून जमली. पाहुण्यानं उशाकडे बसायचं, घरच्यानं पायथ्याकडे, आणि सुनेनं सासऱ्यासमोर बसायचंच नाही, असा रिवाज. रिवाज माणसांचे. मला कोणीही जड नव्हतं.

पुढे घरात लोखंडी पलंग आला. मग माझी दोरी कोणी ताणेना. मधोमध खड्डा पडला. अशा बाजेवर दोघं बसले की हलका माणूस घसरत जड माणसाकडे जातो. वासुदेवराव जड. जो बसे तो शेवटी त्यांच्या खांद्याला टेके आणि म्हणे, "हो बुवा, तुमचंच खरं."

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नागपूरहून रूपराव नावाचा तरुण आला. देश बरोबर दिशेनं चालला आहे की चुकीच्या, हे घरोघरी विचारून लोकांचं मत गोळा करणं हे त्याचं काम. त्याला उशाकडे बसवलं, शेजारी मधोमध वासुदेवराव बसले, चहा आला. त्याचा एक नियम होता. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार, त्याचंच मत घ्यायचं.

आता या घरात वाढदिवस कोणाला ठाऊक? देवकाबाई, म्हणजे वासुदेवरावांची बायको, आठवू लागली.

"हरिदास होळीचा. मी संक्रांतीच्या आगेमागे. हे तं दिवाळीचे. अन् कांता... कांता तान्ह्या पोळ्याची!"

पोळा तोंडावर आला होता. दाराआड उभी असलेली सून कांता दचकली.

"तिले काय इचारता?" वासुदेवराव हसले. "लिहा, देश सरळ चालून राह्यला. घरी आलेल्या पाहुण्यासमोर काऊन वाईट बोलायचं?"

"काका, तिचंच मत लागते. तुमचं नाई चालत."

"माह्यं नाई चालत? माह्या घरात?"

कांताला बोलायचं होतं, मला दिसत होतं. आदल्या वर्षी तिची नणंद रुख्मिणी बाळंतपणाला माहेरी आली होती. गावात दवाखाना बांधून तयार, पण नर्सबाई आलेलीच नव्हती. रुख्मिणी समुद्रपूरच्या वाटेवर बैलगाडीतच बाळंत झाली. बाळ राहिलं नाही. त्यावर कांताला काय वाटतं, हे तोवर कोणी विचारलं नव्हतं.

"मी सांगतो ना!" म्हणत वासुदेवरावांनी माझ्यावर हात आपटला.

कुजलेली दोरी ती. तटकन तुटली. रूपराव उशाकडच्या काठाला धरून वाचला. वासुदेवराव मात्र मधून खाली गेले. गुडघे हनुवटीला, तोंड आढ्याकडे.

"अरे, ओढा ना मले!"

रूपराव धावला. सून सासऱ्याला शिवत नाही, म्हणून कांता जागीच. देवकाबाईनं हात आडवा केला.

"राहू द्या घडीभर. कांता, ये बाहेर. मामाजीले तू दिसत नाई आता. बोल."

कांता बाहेर आली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही.

"चुकीच्या दिशेनं, लिहा. दवाखान्याले रंग दिला, आत बाई नाई. आमच्या ताईचं लेकरू गाडीत गेलं. मी देश सरळ कसा म्हणू?"

रूपरावानं लिहिलं. खाली वासुदेवरावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. रुख्मिणी त्यांचीच लेक होती. मग त्यांना ओढून काढलं.

पोळ्याला हरिदासनं मला नवी दोरी विणली. मित्रांनो, वस्तू एकदम मोडत नाही. ती आधी सैल होते, आणि ते बसणाऱ्याला कळतं. कळलं की लगेच ताणा.

वासुदेवराव आता पुन्हा माझ्या मधोमध बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "बाजच खराब होती." कांता खाली भुईवर वांगी चिरत बसते. काल मला राहवलं नाही. त्यांना ती नुसती करकर वाटली असेल, पण मी मोठ्यानं बोलले:

"वासुदेवराव, बाज खराब नव्हती. तुमीच इतके पसरून बसले का दुसऱ्याले टेकाले जागा नाई उरली. आता सरका जरा. पोरीले बसू द्या."