दहा मिनिटं पुढे

तिचा नवरा गेल्याला महिना झाला होता. गाडी तेव्हापासून उभीच होती आणि आता सुरू व्हायचं नाव घेईना.

गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं. "वहिनी, बॅटरी ठणठणीत आहे, केबल सडल्यात. नव्या जाडच घ्या, आणि टोकांना ग्रीस लावत जा. आजवर कोण लावायचं?"

"हे लावायचे," पाटी वाचावी तशी ती म्हणाली.

त्याने जीभ चावली. आधी काळी केबल काढली, मग लाल, नव्या बसवल्या. गाडी एका चावीत सुरू झाली.

"गाडीतलं घड्याळ शून्यावर आलंय. वेळ लावा."

मनगटावर बघत तिने बटण दाबलं.

"अहो वहिनी, दहा मिनिटं पुढे गेलं!"

"असू दे. मला आवरायला उशीर होतो ना, म्हणून हे पुढेच ठेवतात."