तोंडी अदलाबदल

सकाळपासून शालूबाईंचं कशात लक्ष नव्हतं. चहा उतू गेला. म्हशीला वैरण टाकून झाली आणि घटकाभरानं पुन्हा टाकली. दहा वाजता तलाठीबाई ओढ्याकडच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या रानात, पंचनाम्याला येणार होत्या. तिथं शालूबाईंना एक वाक्य बोलायचं होतं, आणि कोणतं बोलायचं ते अजून ठरत नव्हतं.

सगळं सुरू झालं ठिबकापासून. सरकारी अनुदानाच्या यादीत शालूबाईंचं नाव लागलं, मळीतल्या उसात नळ्या पसरल्या, आणि तपासणीला आलेला पोरगा मोबाइलवरचा नकाशा बघून थबकला. "आजी, सातबारा तुमी दिलाय वेशीजवळच्या माळाचा, आणि नळ्या हितं. ही मळी तर मदन चौगुल्यांच्या नावावर हाय."

"कागदावर असंल," शालूबाई हसून म्हणाल्या होत्या. "खरी आमचीच हाय."

पोराला ते हसण्यासारखं वाटलं नाही. अनुदान अडकलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी ही अदलाबदल झाली. शालूबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या, पण त्यांना सगळं स्वच्छ आठवत होतं. मदनचे वडील आण्णा चौगुले जैन, दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचे नाहीत. त्यांची मळी गावापासून दीड कोसावर. उसाला पाण्याची पाळी असली की घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा आणि आण्णा तसेच उपाशी झोपायचे. आठवड्यातून तीन-तीनदा. शेवटी शालूबाईंचे सासरे म्हणाले, "आण्णा, वाळून काटकी झालास की रं. माझा माळ वेशीजवळ हाय, तो तू घे. मळी मला दे." बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर सुपारी फोडली आणि झालं. मळीची माती काळीभोर, माळावर नुसता मुरूम. आण्णानं डोळ्यांदेखत तोटा घेतला तो दोन वेळच्या जेवणासाठी. कागद करायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं, अशी तेव्हाची रीत.

आता वेशीजवळून तासगावचा रस्ता रुंद झाला होता आणि त्या मुरमाला सोन्याचा भाव आला होता. कागदावर तो मुरूम शालूबाईंचा होता.

तलाठीबाईंनी वाट दाखवली. एकमेकांची जमीन बारा वर्षांच्या वर कसणाऱ्यांना नावं बदलून घेता येतील, मुद्रांकाचा खर्च नावापुरता, अशी सरकारची योजना निघाली होती. मदन आणि शालूबाईंनी मिळून अर्ज केला. आणि मग हे जयराजला कळलं.

जयराज म्हणजे शालूबाईंचा एकुलता एक मुलगा, फौजेत हवालदार. सहा महिन्यांनी पेन्शनवर घरी यायचा होता. काल संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई, तू फकस्त एक कर. मळी आमी खंडानं, वर्साला पैसे देऊन करतोय म्हण. मग ती अदलाबदल धरत न्हाईत, माळ आपल्याच नावावर ऱ्हातोय. बाकी काय बोलू नको."

"खंड कुणाला दिला म्हणू?"

"आठवत न्हाई म्हण. तुझं वय झालंय, चालून जातंय."

हे शालूबाईंना जिव्हारी लागलं. कुणाच्या लग्नात कुणी आहेर परत केला इथपर्यंत ज्या बाईला आठवतं, तिनं आठवत नाही म्हणायचं!

"माळ आपला ऱ्हायला तर मी तिथं हार्डवेअरचं दुकान टाकीन," जयराजचा आवाज खाली आला. "न्हाईतर बावीस वर्सं नोकरी करून मी कुठल्या तरी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसू का?"

शालूबाईंनी फोन ठेवला. रात्रभर आणि सकाळी मळीच्या वाटेनं चालतानाही ती बँकेच्या दारातली बंदूक त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

मळीत सगळे आधीच जमले होते. मदन बांधावर उभा होता, त्याची बायको त्रिशला छत्री घेऊन. दोन्ही बाजूंचे बांधकरी पंच म्हणून आले होते. त्यातला नाथाजी तंबाखू मळत होता. कुणीतरी जयराजचं म्हणणं मदनच्या कानावर घातलं असावं, कारण तो शालूबाईंच्या नजरेला नजर देईना.

"वैनी, पाणी घ्या," त्रिशला म्हणाली. शालूबाईंनी तांब्या घेतला आणि तसाच बांधावर ठेवला.

"आलाय तरी तुमी सगळे लग्नाला का मयताला?" नाथाजी म्हणाला. "बोला की कुणीतरी."



तलाठीबाई गाडी रस्त्याला लावून चालत आल्या. वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी चारी बाजू बघितल्या, विहिरीचा फोटो काढला, पंचांची नावं लिहून घेतली. मग शालूबाईंकडे वळल्या.

"मावशी, ही जमीन तुमच्याकडं कशी आली?"

शालूबाईंनी विहिरीकडे बघितलं. ती त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं, आकारामनं, खणली होती. लेकीच्या, प्रीतीच्या वेळेला सातवा महिना लागेपर्यंत त्या पाट्या वाहत होत्या. तेवढंच आठवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना माळही आठवला. आण्णा तीन उन्हाळे तळ्यातला गाळ गाड्या भरभरून त्या मुरमावर ओतत होता. पैऱ्यानं, म्हणजे कामाच्या बदल्यात काम म्हणून, शालूबाईंचेही बैल त्या कामाला होते. त्रिशलाच्या सासूच्या हाताला तेव्हा जे घट्टे पडले ते मरेपर्यंत गेले नाहीत. कुणी कुणाच्या जमिनीत एवढे कष्ट खंडानं करतं का?

"मावशी?"

"अदलाबदलीनं," शालूबाई म्हणाल्या. "पन्नास वर्सं झाली. आमचा माळ त्यांनी घेतला, त्यांची मळी आमी. खंड कुनी कुनाला दिला न्हाई."

तलाठीबाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. शालूबाईंनी चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सही केली. मदननं केली, पंचांनी केली. त्रिशलानं छत्री मिटली आणि उगाच पुन्हा उघडली.

बाई निघून गेल्यावर मदन पुढं झाला आणि वाकून पाया पडला. "वैनी, लय मोठं काम केलंसा."

"भावजी," शालूबाई म्हणाल्या. हे आधी बोलायला हवं होतं का, की आधी बोललं असतं तर तो सौदा झाला असता, हे त्यांना समजेना. "जयराज सहा म्हैन्यांनी येतोय. रस्त्याकडंला दुकानापुरती जागा त्याला भाड्यानं द्या. भाडं रीतसर घ्या."

मदननं त्रिशलाकडे पाहिलं. त्रिशलानं जमिनीकडे.

"आर्जवला इचारून सांगतो," मदन म्हणाला. आर्जव त्याचा मुलगा, पुण्यात असायचा. "त्याच्या डोक्यात त्या जागेचं काय काय चाललंय. बघू या."

"बघा," शालूबाई म्हणाल्या.

दोघं बांधाबांधानं निघून गेली. नाथाजी तंबाखू थुंकून म्हणाला, "वैनी, सही आदी का केलीसा?"

"खरं होतं म्हनून."

"ते व्हय," नाथाजी म्हणाला आणि आपल्या रानाकडे गेला.

शालूबाई उसात शिरल्या. एक नळी उंदरानं कुरतडली होती, पाणी एकाच जागी साठत होतं. त्यांनी वाकून ती दुमडून बांधायला घेतली, तोच कनवटीचा फोन वाजला. जयराजचाच. त्यांनी ओल्या हातानं उचलला.

"काय म्हनलीस, आई?"

"जे होतं ते म्हनले."

पलीकडून, मागं कुठं तरी पोरं कवायत करत असल्याचा आवाज येत होता.

"मग मी काय करू आता?" जयराज म्हणाला.

"भावजींना जागा मागितलीया. ते इचारून सांगतो म्हनले."

"आपल्याच माळात?"

"त्यांच्या माळात," शालूबाई म्हणाल्या. फोन कटला. हातातून नळी निसटून पाणी त्यांच्या पायांवर उडत राहिलं, आणि गाठ कुठं मारायची ते त्यांना लवकर दिसेना.