फोटोखालची ओळ

आभार मानायचं काम आपल्याला मिळालंय, हे कानिफनाथ सुरवसेनं संक्रांतीला घरी गेल्यावर आईला सांगितलं. तिथंच सगळं चुकलं. त्याच्या पोटात एरवीही काही राहत नसे, आणि हा तर वार्ताहर व्हायला निघालेला.

साल त्र्याहत्तर. नगरच्या कॉलेजात विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्येचा वर्ग नुकताच निघाला होता. दर रविवारी पुण्या-मुंबईचा कोणी संपादक, कोणी वार्ताहर पाहुणा म्हणून यायचा, व्याख्यान द्यायचा, शाल-नारळ घ्यायचा आणि चहा पिऊन परतीची एस.टी. गाठायचा. शेवटी एका विद्यार्थ्यानं उठून आभार मानायचे. आभार म्हणजे आपल्याकडं सोसायचाच प्रकार. अध्यक्षांपासून सतरंजी अंथरणाऱ्यापर्यंत कोणी सुटता कामा नये. सुटला तर तो वर्षभर रुसून बसतो.

कानिफनाथची पाळी होती त्या रविवारी त्याची आई बनुबाई गावाहून, खर्ड्याहून, न कळवता आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. हातात भाकरीचं गाठोडं, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"तू माईकवर बोलनार. मला बघायचंय," ती हळूच म्हणाली.

कानिफनाथला आनंद झाला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. त्याला घाम फुटला. वर्गात त्याला सगळे 'बागाईतदार' म्हणत. आमच्या विहिरीला दुष्काळातही पाणी आहे, मोसंबीची बाग आहे, आमच्या घरच्या बायका कामाला उंबरा ओलांडत नाहीत, असं त्यानंच सांगून ठेवलं होतं. तीस एकरांचं घर ही गोष्ट खरी. पण विहीर कोरडी पडली होती, बाग सरपणाला गेली होती, आणि आई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तीसुद्धा खर्ड्याजवळ नाही. सुरवश्यांची सून खडी फोडते हे कोणाला कळू नये म्हणून दोन गावं पलीकडच्या रस्त्यावर, तोंडावर पदर ओढून.

"या कोण रे?" वर्गातल्या शोभानं विचारलं.

"आमच्या गावच्या बाई आहेत. दवाखान्यात आल्यात."

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान तापले. बनुबाईनं ते ऐकलं.  ती मागच्या बाकावर शोभाशेजारी गाठोडं मांडीवर घेऊन जाऊन बसली.

पाहुणे होते शामकांत घैसास, मुंबईच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार. माणूस बोलका, आणि स्वतःवर भलताच खूश. त्यांनी खिडक्यांना चादरी लावून घेतल्या आणि प्रोजेक्टर लावून भिंतीवर एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. शेवटचं चित्र दुष्काळी कामावरचं होतं. खडीच्या ढिगाजवळ एक बाई, पदराआडून दिसणारे डोळे, आणि हातोडीवरचा हात.

"याला बक्षीस मिळालं," घैसास म्हणाले. "बाई पदर काढेना, नाव सांगेना. शेवटी विचारलं, घरी कोण आहे? म्हणाली, 'माझं कुनी न्हाई.' झालं! तीच ओळ मी फोटोखाली टाकली. नाव नसलेला फोटो म्हणजे अर्धी बातमी, हे मला कबूल आहे. पण तिला कोणीच नव्हतं. ती वाकडी करंगळी बघा. तो हातच सगळं सांगतो."

करंगळी कानिफनाथला केव्हाच दिसली होती. लग्न होऊन आल्या वर्षीच ती मोटेच्या दोरात सापडली होती. त्याच हातानं आईनं त्याला घास भरवले होते. घराचं नाव पेपरात येऊ नये म्हणून तिनं नवरा, मुलगा, तीस एकर सगळं एका वाक्यात पुसून टाकलं होतं. आणि ज्या नावासाठी पुसलं, त्याची फुशारकी तो इथं मारत बसला होता. मागं वळून पाहायचं त्याला धैर्य झालं नाही.

मग त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, प्राचार्यांचे, चादरी देणाऱ्या वसतिगृहाचे, सगळ्यांचे त्यानं आभार मानले. "पाहुण्यांनी एका निराधार स्त्रीचं दुःख आपल्यापुढं मांडलं," असंही म्हणाला. 'निराधार' शब्द त्यानं पाठ केलेल्या भाषणात नव्हता. तो आत्ता, आईसमोर, त्याच्या तोंडून निघाला. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर बनुबाईसुद्धा टाळ्या वाजवत होती, आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

चहाच्या वेळी ती व्हरांड्यात खांबाजवळ थांबली होती. भाकरी द्यायची राहिली होती. कानिफनाथ तिच्याजवळ पोचतो न पोचतो तोच घैसास कपबशी घेऊन तिकडं आले. त्यांना पाहताच बनुबाईनं पदर पुढं ओढला, आणि तिथंच फसली. पदर धरलेल्या हाताची करंगळी त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"अहो, तुम्हीच त्या! खडीच्या कामावरच्या!"

"मी न्हवं, साहेब. माझं हितं कुनी न्हाई."

"तेच वाक्य!" घैसास हरखून गेले. कपबशी कठड्यावर ठेवून त्यांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. "सुरवसे, जरा बाजूला व्हा. चित्रात येताय."

कानिफनाथ बाजूला झाला.

कॅमेरा वाजला. घैसासांनी खिशातून पेन काढलं. "आता नाव सांगा बाई. या खेपेला अर्धी बातमी नको."

बनुबाईनं मान खाली घातली. मुलाकडं चुकूनही पाहिलं नाही.

"बनुबाई सुरवसे, खर्डा," कानिफनाथ म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. चहा पिणारी पोरं वळून बघायला लागली. शोभाही बघत होती.

"सुरवसे? म्हणजे तुमच्या..."

"लिहा साहेब. घरी नवरा आहे, एक मुलगा आहे. आणि लिहा, फोटो काढताना मुलगा बाजूला उभा होता."

पेन थांबलं.

"ते लिवू नगा, साहेब," बनुबाई घाईनं पुढं होत म्हणाली. "लेकरू सकाळधरनं उपाशी हाय." आणि ती तिथंच फरशीवर बसून गाठोडं सोडायला लागली.