कुणी सोडल्याशिवाय

“किती चान्स हाय गो?” दुकानाचं शटर अर्धं खाली ओढत शौकतने विचारलं.

दुपार कलली होती, असरची अजान झाली होती. नमाजाच्या वेळी दुकान बंद ठेवायची सक्ती आता उरली नव्हती, पण जेद्दातल्या बलद या जुन्या बाजाराच्या त्या गल्लीत शौकतची सवय मोडली नव्हती. हज-उमऱ्याला नेसायच्या इहरामच्या पांढऱ्या कापडांच्या थप्प्यांमागे स्टुलावर त्याची मुलगी अफशाँ लॅपटॉप घेऊन बसली होती. रियाधहून ती सुट्टीला आली होती.

“शंभरात चार-पाच,” ती म्हणाली. “ट्रान्सफरला जागाच कमी असतात, अब्बा. त्यात स्कॉलरशिप मागितली की आणखी कमी.”

रियाधचं विद्यापीठ काही लहानसहान नव्हतं. तिथे प्रवेश मिळाला तेव्हा शौकतने गल्लीभर बसबूसा मिठाई वाटली होती. पण तिला शिकायचं होतं ते गणित तिथे पुढे शिकवलंच जात नव्हतं, आणि अमेरिकेतल्या ज्या जुन्या विद्यापीठात ते शिकवत, तिथे मधूनच शिरणं म्हणजे भरलेल्या बोटीत पाय ठेवायला जागा शोधणं. अफशाँने स्वतःला एखाद्या परक्या मुलीसारखं पारखून पाहिलं होतं. गुण बरे. एक शोधनिबंध छापून आलेला. दोन प्राध्यापक चांगलं लिहितील. बाप इहराम विकतो, ही गोष्ट बाजूने धरायची की विरुद्ध, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

“आणि तुझ्या तिथल्या लोकांनी सोडलं नाय तर?”

“सोडायचं काय त्यात? मी अर्ज करणार. ते हो म्हणतील नाहीतर नाही.”

शौकत हसला. “असा कोण कुणाला जाऊ देतो?”

दोष त्याचा नव्हता. दापोलीहून आल्यापासून तो एकाच कफीलच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या सौदी मालकाच्या, नावावर होता. तरुणपणी त्याला मक्क्यातल्या एका हॉटेलात चांगली नोकरी चालून आली होती. कफीलने तनाजुल दिलं नाही, म्हणजे याला मी सोडतो असं लिहून दिलं नाही, आणि विषय संपला. त्याचा चुलतभाऊ हाशिर न विचारताच दुसरीकडे कामाला लागला. त्याच्यावर पळून गेल्याची नोंद झाली आणि तुरुंगातून त्याला थेट मुंबईच्या विमानात बसवलं. आता कायदे सैल झाले होते, सगळं फोनवर होत होतं. पण शौकतच्या मनात जग अजून तसंच होतं: माणूस कुणाच्या तरी नावावर असतो, आणि ज्याच्या नावावर असतो त्याला खूश ठेवून निघतो.

अफशाँने त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती इंग्रजीत बोलली, तेव्हा तो गप्प झाला. पटलं असावं, असं तिला वाटलं.

रियाधला परतल्यावर थोड्याच दिवसांत विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. डॉ. सिराजुद्दीन मूळचे लखनौचे, मृदू बोलणारे. अर्जासोबत त्यांचं पत्र लागणार होतं; ते शेवटी, सगळं तयार झाल्यावर, नीट शब्द जुळवून मागायचं तिने ठरवलं होतं. टेबलावर बुरैदाच्या सुक्करी खजुराचा मोठा डबा उघडा होता.

“आपके वालिद आए थे,” ते म्हणाले. “बहुत नेक आदमी हैं. मेरी इजाज़त लेने आए थे, कि बेटी को छोड़ दीजिए.”

अफशाँने डब्याकडे पाहिलं.

“हमें तो मालूम ही नहीं था कि आप जा रही हैं.” त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. “लीजिए. घर का है.”

तिने एक घेतला. बापाने रात्रभर बसमध्ये मांडीवर धरून आणलेला खजूर तिने परक्याच्या हातून घेतला आणि मुठीत धरून बाहेर आली.

पत्र त्यांनी दिलं. त्यात काय होतं ते तिला कळण्याचं कारण नव्हतं. वसंतात अमेरिकेहून दोन ओळींचा नकार आला. चार-पाच टक्क्यांत तो असाही येणारच होता. तरी तो कोणाच्या खात्यावर मांडायचा हा प्रश्न उरला, आणि शौकत जवळचा होता.

तिने फोनवर त्याला फक्त “नाही झालं” एवढंच सांगितलं.

“हरकत नाय,” तो म्हणाला. “मीच चुकलो. रमजानच्या तोंडावर घाईत गेलो, साहेबांशी धड बोलता आलं नाय. पुढल्या साली आधी जाऊ. दोन डबे नेऊ.”

हजची गर्दी सुरू व्हायच्या आधी, भर दुपारी कापडाचा गठ्ठा उचलताना तो काउंटरमागे बसला आणि उठला नाही. अफशाँ विमानाने पोचेपर्यंत माती दिली होती. बायका कबरस्तानात जात नाहीत. शेजारच्या दुकानातले मुनाफकाका दुकानाच्या किल्ल्या आणि शौकतचा फोन घेऊन आले आणि तिच्या आईच्या, रुकय्याच्या, पुढ्यात ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. रुकय्या तो फोन रोज चार्ज करू लागली. कशासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही.

डॉ. सिराजुद्दीन यांचा सांत्वनाचा फोन आला. शेवटी म्हणाले, “वो खजूर अब तक याद हैं.”

मायलेकींचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, शौकतच्या नावावर होते. रुकय्या कायमची गावी निघाली. अफशाँला शिक्षण संपेपर्यंत राहायचं तर नवा कफील हवा होता, आणि तो विद्यापीठच होऊ शकत होतं. डॉ. सिराजुद्दीन यांनी शब्द टाकला, सह्या झाल्या, कुणी काही विचारलं नाही. ज्या जागेतून बाहेर पडण्यासाठी तिने वर्षभर चान्स मोजले होते, तिथे तिला एका आठवड्यात घेतलं गेलं. या ट्रान्सफरला कसलीच चुरस नव्हती.

जवाजातच्या, म्हणजे पासपोर्ट-परवान्यांच्या, कचेरीत मुनाफकाका सोबत आले. येताना त्यांनी न विसरता सुक्करीचा डबा आणला होता. काउंटरवरच्या तरुण सौदी मुलीने तो हसून परत केला. आता इथे असलं काही चालत नाही. तिने अफशाँचा जुना कफील कोण ते विचारलं. वडील, असं कळल्यावर त्यांची संमती मागितली. अफशाँने मृत्यूचा दाखला पुढे केला. मुलगी दुआ पुटपुटली, मग तिने की-बोर्डवर बोटं चालवली.

“खलास,” ती म्हणाली.

त्याच वेळी अफशाँच्या पर्समध्ये फोन वाजला. तिचा नव्हे, आईने विमानतळावर तिच्या हाती दिलेला. शौकतच्या नंबरावर सरकारी संदेश आला होता: अफशाँ शौकत यापुढे आपल्या कफालतीत नाहीत.

“काय झाला गो?” मुनाफकाकांनी विचारलं.

“सोडलं,” ती म्हणाली.

मुनाफकाकांनी मान हलवली. बाकावर बसून त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा तिच्यापुढे धरला. या वेळी तिने खजूर तोंडात टाकला. बी बराच वेळ तिच्या जिभेखाली राहिली.