ठेसनवाडीची सोंड

मी ठेसनवाडीची सोंड बोलतेय. हत्तीची नव्हे हो, रेल्वेची! रुळाशेजारच्या खांबावर फिरणारी, कोळशाच्या इंजिनात पाणी ओतणारी लोखंडी नळी. आता नुसतं उभं राहायचं, आणि तेच मला जमत नाही. जीव तगमगतो नुसता!

इथे आधी गाव नव्हतंच. बिदरपासून लांब, माळावरचं एक तळं. इंजिनाला पाणी हवं म्हणून रेल्वेनं पंप बसवला, उंच टाकी बांधली, मला उभं केलं. माझ्यामागून बारा घरं आली. गाडी दहा मिनिटं थांबायची; तेवढ्यात पेरू विकले जात, लेकी माहेरी उतरत.

पंपवाला मारोती टाकी रिकामी ठेवतच नसे. "टाकी भरली की गाडीला थांबावंच लागतंय," म्हणायचा. वीस वर्षं तसंच घडलं, मग त्याचं तरी काय चुकलं?

मैसूर राज्याचं कर्नाटक झालं आणि दोनच वर्षांत डिझेलचं इंजिन आलं. त्या मेल्याला माझं पाणीच नको! गाडी न थांबता धडधडत जाऊ लागली. पंपाचं तेल बंद झालं, तर मारोती घागर घेऊन शिडी चढू लागला. टाकी पुरती भरत नाही म्हणूनच गाडी थांबत नाही, असं त्यानं डोक्यात घेतलं होतं.

अशात लेकीचं, गुरुबाईचं पत्र आलं: पहिल्या बाळंतपणाला येतेय. मारोतीच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोटुशी लेक गाडीत, अन् गाडी थांबली न्हाई तर?"

त्याची बायको नागूबाई म्हणाली, "सोंड रुळावर आडवी करा. बघते कशी थांबत न्हाई!"

त्यानं मला आडवं फिरवलं, पाणी सोडलं. काय सांगू, किती आनंद झाला मला! गाडी कचकन थांबली. ड्रायव्हर शिव्या देत उतरला. मारोती मात्र "गुरू, ए गुरू!" करत डब्याडब्यातून डोकावत पळत होता. गुरुबाई गाडीत नव्हतीच.

संध्याकाळी ती बैलगाडीनं आली. सडकेवरच्या मन्नाएखेळ्ळी गावापर्यंत बसनं आली होती.

"गाडी इथं थांबत न्हाई, साऱ्या मुलखाला ठावं हाय अप्पा. तुमी कामून अजून टाकी भरायलाव?"

टाकीसाठी भरलेली घागर मारोतीनं तिच्यासमोर ठेवली आणि तिला पाणी दिलं. शिडीवर तो पुन्हा चढला नाही.

नंतर एकेक घर सडकेकडे निघून गेलं. मारोतीचंही. मी इथेच आहे. गाडीची वेळ झाली की अजून चुळबुळते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, माझं तोंड तेवढं तळ्याकडे फिरवून द्या. गाडीला जाताना बघवत नाही हो.