ओघ कमी

बेलवर चिकटपट्टी लावून अवनीने खाली चिठ्ठी डकवली होती, 'बाळ झोपले आहे.' म्हणून अनंतकाकांनी नखाने दार खाजवलं. तिने अलगद कडी काढली. काका दोन्ही खांद्यांवर खाकी पिशव्या घेऊन उभे होते आणि चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचत होते.

"यात 'कृपया' राहिलंय," ते कुजबुजले. "काय करायचं नाही, तेही राहिलंय. बाळ झोपलंय, बरं. मग आम्ही काय करू?"

"काका, आत या ना."

"नको, चपला काढा, परत घाला. इथेच बरा."

चौतीस वर्षं अनंतकाका स्कूटरवरून पेठांमध्ये घरोघर पुस्तकं पोचवत होते. दर मंगळवारी ते या इमारतीत यायचे. त्यांच्या वाचनालयाचा नियम एकच होता आणि तो वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलेला होता. अभिप्राय लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळणार नाही. वहीत प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र पानं असायची. सभासदाने आपला क्रमांक घालायचा, एक ओळ लिहायची, की काका पिशवीचं तोंड उघडायचे.

इथलं सभासदत्व अवनीच्या सासूबाईंच्या नावावर होतं. वासंती खरे, क्रमांक एकशे अठरा. डिसेंबरात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या आणि तिथेच रमल्या. काका मात्र येत राहिले. ते अवनीला सूनबाई म्हणायचे. तिचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित त्यांच्या लक्षात आलं असतं, की पिशवीत फिरणाऱ्या 'भरतीचोर, भाग पहिला' या पुस्तकावर माहेरच्या आडनावाने जिचं नाव छापलंय, ती हीच.

"काका, आज वही जरा वेळ ठेवता का माझ्याकडे?"

"वही कशाला?"

"पुढचं कुठलं घ्यावं ते बघते. लोकांनी काय लिहिलंय त्यावरून."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग वर, जिन्याकडे.

"आता फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या नसीमबाई राहिल्यात. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे अभिप्राय तोंडी देतात. वीस मिनिटं देतात. ठेवा तोवर. पान दुमडू नका."

ते जिना चढू लागले. अवनी वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. लॅपटॉप तिथेच उघडा होता. दुसऱ्या भागाची तीनशे पानं आता दोनशे दहा झाली होती. प्रकाशक सुदर्शन सरांना चार वाजेपर्यंत पाठवायची होती. सर फोनवर म्हणाले होते, "अवनी, तुम्हीच सांगताय ना, वाचक ओघ कमी म्हणतायत? मग कापा. नाहीतर एका भागावर थांबू. त्यातही कमीपणा नाही." तिने कापलं होतं. दहा दिवस, बाळाच्या, म्हणजे शाल्मलीच्या झोपेच्या मापाने, रोज दुपारी दीड तास.

ओघ कमी, हे ती या वहीतूनच शिकली होती. गेल्या आठ महिन्यांत तीनचारदा, काका पिशवीत डोकं घालून पुस्तक शोधत असताना, तिने झटकन तिच्या पुस्तकाचं पान काढून शेवटच्या ओळी वाचल्या होत्या. दर वेळी तेच. नवऱ्याला, आमोदला, एकदा सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मी वाचतोय. वाचून झालं की नीट सांगतो." त्याची खूण तेविसाव्या पानावर होती. दिवाळीत पुस्तक आलं तेव्हापासून तिथेच होती. खराडीच्या ऑफिसातून तो रात्री घरी पोचायचा तेव्हा त्याचे डोळे लाल झालेले असायचे. त्याला दोष द्यायला तिला जमायचं नाही. ती उशाकडचं पुस्तक पुसून परत ठेवायची.

फोन थरथरला. आमोदच होता.

"शामूची आई, पाठवलंस का?"

"पाठवतेय."

"पाठवून टाक गं. संपव एकदा. किती दिवस तेच तेच. शामू झोपली?"

"हो."

"मग तूही पड जरा. ठेवतो, मीटिंग आहे."

तिने फोन पालथा ठेवला आणि वहीत 'भ' काढला. आज पहिल्यांदाच घाई नव्हती. तिने शेवटाकडून वाचायला सुरुवात केली.

क्र. ४१. वरीलप्रमाणे.

क्र. २०९. कल्पना चांगली, ओघ कमी.

क्र. ७७. क्र. १३२ शी सहमत.

क्र. १३२. ओघ नाही. नकाशा मात्र सुबक.

क्र. ६०. ओघ जरा कमी पडतो. मुलांना आवडेल. (आम्हाला मुलं नाहीत.)

तिला हसू आलं आणि मग आलं नाही. पंधरा जणांनी लिहिलं होतं. पंधरा घरं, पंधरा दिवाणखाने, आणि प्रत्येकाने आपल्या हाताने तोच शब्द काढला होता. कुणाला समुद्राची भरती चोरीला जाते ही गोष्टच पटली नाही, असं झालं असतं तरी चाललं असतं. निदान कुणीतरी भांडलं असतं. तिने पान मागे उलटलं. मागच्या बाजूला, अगदी वर, निळ्या शाईत पहिली ओळ होती.

क्र. ११८. कल्पना चांगली आहे, पण ओघ जरा कमी.

ओळ उजवीकडे वर चढत गेली होती. कडेवर मूल घेऊन उभ्याने लिहिल्यासारखी. 'घ'ची गाठ तिने शाळेपासून अशीच घातली होती.

जानेवारी. शाल्मलीला ताप होता. त्याआधीच्या मंगळवारी काकांच्या पिशवीतून स्वतःच्या पुस्तकाचा कणा डोकावताना दिसला आणि तिला मोह झाला होता. वाचनालयाचा शिक्का बसलेलं आपलं पुस्तक आठवडाभर घरात असावं, एवढाच. परत देताना काकांनी वही पुढे केली. पान कोरं होतं. "पहिला अभिप्राय तुमचा," ते म्हणाले होते. स्वतःच्या हाताने स्वतःला चांगलं म्हणायचं? भाजी छान झालीय असं कुणी म्हटलं की आपण म्हणतोच ना, कुठे काय, मीठच जरा जास्त झालंय. तसं तिने लिहून टाकलं होतं. मूल रडत होतं. पुढच्या पाच मिनिटांत ती विसरूनही गेली होती.

तिने पान परत उलटलं. परत मागे घेतलं. मग बोटाने एकेक ओळ खाली मोजत गेली, पंधरापर्यंत, आणि बोट तिथेच ठेवून बसून राहिली.

खिडकीबाहेरून दोरीला बांधलेली टोपली वर गेली. रोज याच वेळी जायची. खालच्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर, दोन लिंबं, कधी पाव. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओढायचं. अवनीला टोपली ओळखीची होती, हात नाही. आज ती जरा जास्त हेलकावे खात होती. वर कुणीतरी बोलता बोलता ओढत असावं.

दारावर पुन्हा नख घासलं.

"झालं का निवडून?" काकांनी विचारलं. त्यांच्या काखेत एक पुस्तक होतं. निळसर वेष्टन, त्यावर जाड प्लास्टिक. तिने ते लगेच ओळखलं.

"काका, एक विचारू? लोक खरंच वाचून लिहितात का हो हे?"

"छे." काकांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "वरचं बघून लिहितात. पहिल्याने 'मनाला भिडलं' लिहिलं की पुस्तक संपूर्ण पेठेला भिडतं."

"मग वही कशाला ठेवता?"

"नाही ठेवली तर मी नुसता पिशवीवाला." त्यांनी काखेतलं पुस्तक काढून तिच्यापुढे आडवं धरलं. "कुणी किती वाचलं ते इथे बघायचं. कडेला. हाताचा मळ कुठपर्यंत गेलाय बघा. काही पुस्तकं पन्नास पानांपर्यंत मळतात, पुढे कोरी करकरीत. त्यांना वहीत 'अप्रतिम' असतं."

अवनीने पाहिलं. कडेची राखाडी रेघ पहिल्या पानापासून निघाली होती आणि शेवटच्या पानापर्यंत न तुटता गेली होती. मध्ये एका जागी ती जास्त काळी होती. तिने पुस्तक हातात घेतलं, तसं ते आपसूक तिथेच उघडलं.

नवीन काही नव्हतं. अध्याय नववा. भरती शोधायला सगळे बेट सोडून जातात, आणि मागे राहिलेली कंदीलवाली लेकराला कडेवर घेऊन रोज संध्याकाळी धक्क्यावर कंदील लावते. अकरा पानं. त्यात काहीच घडत नाही. दुसऱ्या भागातली जी नव्वद पानं तिने कापली होती, ती हिचीच होती.

"एका सभासदाला दुसऱ्यांदा लिहिता येतं का हो? समजा, मत बदललं तर?"

"एका पुस्तकावर एकच."

"किंवा खोडून?"

"वहीत खोडाखोड नाही. एकाला दिलं की सगळे खोडतील. माणसं घरी गेल्यावर शहाणी होतात." काकांनी घड्याळ पाहिलं आणि खिशातलं पेन तिच्यापुढे धरलं. "एवढं काम करा, सूनबाई. नसीमबाईंचा अभिप्राय उतरवून घ्या. माझ्या चष्म्याला इथल्या अंधारात दिसत नाही. याच पुस्तकाचा आहे. दोन महिने ठेवलं होतं त्यांनी, मी आज अक्षरशः हातातून घेतलं."

अवनीने वही दाराच्या चौकटीला टेकवली.

"क्रमांक दोनशे तेवीस," काका सांगू लागले. "लिहा. ती कंदील लावणारी बाई... लिहिलंत? ती कंदील लावणारी बाई रोज कंदील लावते आणि कुणी येत नाही. एवढी पानं मी पुन्हा पुन्हा वाचली."

पेन चालत होतं.

"पुढे म्हणाल्या, मुलगा शहेजाद दुबईला गेल्यापासून संध्याकाळचा दिवा लावताना ती आठवते. हे नका लिहू, खाजगी आहे. नाही, लिहा. त्यांनी अभिप्राय म्हणूनच सांगितलंय."

तिने लिहिलं.

"आणि शेवटी, दुसऱ्या भागात तिच्याकडे कुणी येतं का, एवढं लेखिकेला विचारून सांगा. मग मी दुसरं पुस्तक घेईन. तोवर नको." काका थांबले. "बघा म्हणजे. आज पुस्तकच नाही घेतलं त्यांनी. चौतीस वर्षांत नियम मी लावत आलो, ही पहिली बाई मला लावतेय. प्रश्नचिन्ह दिलंत ना?"

"देते."

तिने प्रश्नचिन्ह दिलं. पंधरा ओळींखाली सोळावी, नसीमबाईंची, तीन ओळींची झाली होती, आणि अक्षर तेच, उजवीकडे चढत जाणारं. काकांनी वही घेऊन लांब धरली, डोळे बारीक केले, पान मागे उलटून वरची ओळ पाहिली, परत पुढे आले. वही पिशवीत गेली.

"तुम्हाला कुठलं देऊ?"

"हेच राहू दे. परत वाचते."

"वाचा," ते म्हणाले, आणि दोन पायऱ्या उतरून थांबले. "लेखकांना कोण सांगणार म्हणा. आपला काय संबंध."

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकेपर्यंत ती दारातच उभी होती. मग टेबलाशी आली. चारला पाच कमी होते. तिने सरांना लिहिलं, आज पाठवत नाही, तीनशेच्या तीनशे पानं येतील, नको असतील तर तसं कळवा. पाठवल्यावर फोन पुन्हा पालथा ठेवला. मग कापलेली नव्वद पानं शोधून काढली आणि जिथून काढली होती तिथे ठेवली. पहिल्याच पानावर कंदीलवाली वात कातरत होती. दहा दिवस ती बाहेर होती, तरी वात अजून हातातच होती.

शाल्मली उठली तेव्हा उन्हं कलली होती. अवनीने तिचं तोंड पुसलं, केस मागे घेतले, तिला दूध पाजलं. बेलवरची चिकटपट्टी सोडवली. मग दार ओढून घेतलं आणि लेकीला कडेवर घेऊन जिना चढू लागली. या इमारतीत लग्न होऊन येऊन तिला पाच वर्षं झाली होती. पहिल्या मजल्याच्या वर ती फक्त पाण्याची टाकी बघायला एकदा गेली होती.

तिसऱ्या मजल्यावर दाराशेजारी एक वेताची टोपली पालथी घालून ठेवली होती. दोरी नीट गुंडाळलेली होती. दाराखालच्या फटीतून उजेड आला. दिवा नुकताच लागला असावा.

तिने बेल वाजवली. आत चपला सरकल्या. बराच वेळ लागला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

खालच्या मजल्यावरची, खऱ्यांची सून, शाल्मलीची आई. सगळं तोंडाशी येऊन गेलं. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी अवनी," ती म्हणाली.